‘वागणूक’ या रकान्यामागचा इतिहास

नर्सिंगच्या मुलींचं वॉर्डातलं काम तपासायचा जो फॉर्म असतो ना, त्यात बेड मेकिंग, इंजेक्शन, ड्रेसिंग, नोंदी असे सगळे रकाने झाले की अगदी खाली एक रकाना असतो, वागणूक. दहा मार्क. गेल्या महिन्यात आमच्या फर्स्ट इयरच्या एका मुलीने तो फॉर्म हातात घेऊन विचारलं, मॅडम माझं काम सगळं बरोबर लिहिलंय, मग यात चारच का, आणि हे नक्की कशाचे मार्क? मला तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही, कारण त्या रकान्यात दीडशे वर्षांपासून दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र भरलेल्या आहेत आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी पण त्या कधी सुट्ट्या करून बघितल्या नाहीत. म्हणून हे लिहितेय, मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडलांसाठी पण, कारण कोकणात मुलीला नर्सिंगला घालायचं म्हटलं की घरात पहिली चर्चा आजही तिथली माणसं कशी, रात्रीची ड्युटी कशी, आणि लोक काय म्हणतील हीच असते.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रायमियाच्या युद्धात गेली हे सगळ्यांना पाठ असतं, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १८६०, सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिच्या फंडातून नर्सिंगची शाळा सुरू झाली ते. तिथल्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, सारा वॉर्डरोपर. त्या प्रत्येक शिकाऊ मुलीचा महिन्याचा एक तक्ता भरायच्या, अर्धा भाग कामाचा आणि अर्धा चारित्र्याचा. चारित्र्याच्या भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा, स्वच्छता असे मथळे होते. आमचा वागणुकीचा रकाना हा त्या तक्त्याचाच नातू आहे म्हणा ना.

आणि तो तक्ता का लागला तर तेव्हा हॉस्पिटलात काम करणाऱ्या बायकांविषयी लोकांचं मत फार वाईट होतं, दारू पितात, चोऱ्या करतात, चांगल्या घरच्या मुली तिकडे जात नाहीत असं. मग चांगल्या घरच्या मुली यायला हव्यात तर त्यांच्या घरच्यांना भरवसा द्यायला हवा, म्हणून होस्टेल, म्हणून मेट्रनची नजर, म्हणून बाहेर जायच्या वेळा. यातल्या स्वच्छतेचा आणि विश्वासूपणाचा फायदा थेट पेशंटला. पण मुलगी किती वाजता होस्टेलला परतली, कोणाशी हसून बोलली, याचा पेशंटशी काय संबंध? तो भाग समाजाची समजूत काढण्यासाठी होता. दोन्ही एकाच कागदावर आले आणि एकत्रच जगभर गेले.

शपथेचंही तसंच. मेणबत्ती किंवा दिवा हातात घेऊन मुली जी शपथ म्हणतात ती नाइटिंगेलच्या नावाची आहे पण तिने लिहिलेली नाही, १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका ट्रेनिंग स्कूलमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या कमिटीने ती तयार केली, डॉक्टरांच्या हिपोक्रॅटिक शपथेवरून. त्या जुन्या शपथेत जाणूनबुजून अपायकारक औषध देणार नाही आणि पेशंटची खाजगी गोष्ट बाहेर सांगणार नाही ही वाक्यं आहेत, आणि डॉक्टरांच्या कामात निष्ठेने मदत करीन हे पण आहे. डॉक्टर चुकत असेल तर काय करायचं, त्याबद्दल तिच्यात काही नाही. आमच्या पिढीने हे निष्ठेचं वाक्य फार मनावर घेतलं.

आता आपल्याकडे. कोकणात बाळंतपण म्हणजे सुईण, तळकोकणात वैजीण. तिच्या हातावर गावंच्या गावं जन्मली, पण विटाळ म्हणून तिला माजघराच्या आत घ्यायचं ते त्या दहा दिवसांपुरतंच. रक्त, मळ, परक्या माणसाचं अंग, हे सगळं ज्या कामात येतं ते काम खालच्यांचं, हा हिशोब सुईणीला लावला तसाच पुढे नर्सलाही लावला गेला. मुंबईत जे.जे. हॉस्पिटल १८४५ चं, बायकांसाठी कामा हॉस्पिटल १८८६ चं, आदल्याच वर्षी लेडी डफरिन फंड सुरू झालेला, म्हणजे बायकांना बायकांनीच तपासावं ही गरज सगळ्यांना पटलेली होती, तरी सवर्ण हिंदू घरातून नर्स व्हायला कोणी पुढे येईना. सुरुवातीच्या नर्सेस बऱ्याचशा युरोपियन, अँग्लोइंडियन आणि मिशनच्या शाळेत शिकलेल्या ख्रिश्चन मुली. घाटावर मिरजेचं मिशन हॉस्पिटल, डॉ. वानलेसांचं, आणि खाली आपल्याकडे वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स, डॉ. गोहीन यांचं नाव अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. मिशनच्या बायकांनी ते काम पुण्यकर्म म्हणून केलं, त्यांचं ऋण आहेच आपल्यावर, पण नर्स म्हणजे पगाराविषयी न बोलणारी त्यागमूर्ती ही कल्पना पण तिथूनच घट्ट झाली असं मला वाटतं.

मग विधवा. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, त्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, आणि १९०९ मध्ये सुरू झालेल्या रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनने पुढे बायकांना ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायचं धाडस केलं. धाडसच म्हणायचं, कारण सोवळ्यातल्या घरातली बाई परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार ही गोष्ट तेव्हाच्या पुण्याला पचणारी नव्हती. तिथे पुन्हा तेच झालं, बायकांवर बोट उठू नये म्हणून वागण्याचे नियम जास्त कडक करावे लागले. मी त्यांना दोष देत नाही, ते नियम नसते तर त्या बायकांना घराबाहेर पाऊलच टाकता आलं नसतं.

माझी आत्या पन्नासच्या दशकात मुंबईला नर्सिंगला गेली, हर्णैहून बोटीने. बोट किनाऱ्याला लागायची नाही, आधी पडावात बसायचं आणि मग लाटांवर हेलकावे घेत बोटीवर चढायचं, तिची पत्र्याची ट्रंक चढवताना समुद्रात पडता पडता राहिली हे ती शेवटपर्यंत सांगायची. गावात आजीने सांगितलं होतं की ती शिकायला गेलीय, काय शिकायला ते सांगायचं नाही. चार वर्षांनी तिची मनीऑर्डर यायला लागली, त्यातून माझ्या वडलांची फी गेली, गोठ्याची चिरेबंदी भिंत उभी राहिली. तरी लग्नाच्या बोलण्यात ‘नाईटला जाते’ हे निघायचंच. ती म्हणायची, होस्टेलला साडीची निरी नीट नाही म्हणून मेट्रनने मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं, पण साठ पेशंटच्या वॉर्डात रात्री आम्ही दोघीच शिकाऊ मुली कशा, हे कोणी विचारलं नाही.

हे तिच्या एकटीचं नव्हतं. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करायला १९४३ ला नेमलेल्या भोर समितीचा रिपोर्ट १९४६ ला आला, त्यात देशात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक नर्स असा हिशोब मांडला होता. नर्सच जर इतक्या कमी तर वॉर्ड कोण चालवणार, शिकाऊ मुली. स्टायपेंडवर राबणारे हात. शिकणं मागे, ड्युटी पुढे. आणि थकलेल्या मुलीने तक्रार केली की ती वागणुकीत बसायची नाही.

कायद्याने यात थोडा थोडा फरक पडत गेला. मुंबई इलाख्यात नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा, आपला महाराष्ट्र नर्सेस ॲक्ट १९६६ चा. नोंदणी म्हणजे नुसता नंबर नव्हे, तुमची लायकी आता एका मेट्रनच्या मर्जीवर राहिली नाही, अभ्यासक्रम ठरला, परीक्षा ठरली, आणि गैरवर्तन म्हणजे काय हे पण कौन्सिलपुढे ठरायला लागलं.

अरुणा शानबागबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती आपल्याच किनाऱ्यावरची, खाली उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलमध्येच एका वॉर्डबॉयने तिच्यावर अत्याचार केला, कामावरून ती त्याला बोलली होती एवढंच. ती कायमची अंथरुणाला खिळली. मुंबईच्या नर्सेसनी तेव्हा सुरक्षेसाठी संप केला. संप करणं हे वागणुकीत बसत नाही म्हणणारे तेव्हाही असणारच. आणि त्याच केईएमच्या नर्सेसनी पुढे ४१ वर्षं, १८ मे २०१५ ला ती जाईपर्यंत, तिला सांभाळलं. तिला हलवायची गोष्ट निघाली तेव्हा त्या आडव्या आल्या. सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालात तिच्या सेवेबद्दल त्या नर्सेसचं कौतुक आहे, इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, नव्हता. ज्यांनी कधी एखाद्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवलंय, पाठ पुसलीय, चादरीची सुरकुती काढलीय त्यांनाच कळेल की याचा अर्थ काय. मुलींना मी वागणूक म्हणजे काय हे सांगताना हेच सांगते, पेशंट बोलत नाही, नातेवाईक कोणी बघत नाही, आणि तरी रात्री दोन वाजता उठून तिची कूस बदलली जाते.

माझं स्वतःचं शिक्षण कोकणातच, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. सेकंड इयरला असताना फीमेल वॉर्डात एकाच आडनावाच्या, एकाच गावच्या दोन आज्या शेजारी शेजारी होत्या. सकाळची औषधं वाटताना मी एकीची गोळी दुसरीला दिली. तिने तोंडात टाकली आणि मग म्हणाली, ‘गो बाय, ही माझी नाय वाटता, माझी पांढरी असता.’ माझे हातपाय गार पडले. मी तिला ती थुंकायला लावली आणि पळत जाऊन इनचार्ज सिस्टरना सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, आजीचं बीपी दिवसभर बघितलं, तिला काही झालं नाही. पण मला ऑफिसात उभं करून माफीपत्र लिहून घेतलं, सगळ्या बॅचसमोर वाचायला लावलं, आणि त्या महिन्यात वागणुकीत सर्वात कमी मार्क माझे होते. एका आडनावाचे दोन पेशंट शेजारी ठेवू नयेत, निदान कार्डावर मोठ्या अक्षरात लिहावं, असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या मैत्रिणी त्यातून एकच शिकल्या, चुकलं तर सांगायचं नाही. पुढे त्या बॅचमध्ये कोणाचं काय चुकलं हे कधी बाहेर आलं नाही, आणि काहीच चुकलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

आज औषध देताना योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच राईट मुली घोकतात. त्यातला पहिला राईट माझ्याकडून चुकला होता आणि तो वागणुकीचा प्रश्न नव्हताच. चूक लगेच सांगितली, ती वागणूक होती.

हे म्हणणं आता माझ्या एकटीचं राहिलेलं नाही. आंतरराष्ट्रीय नर्सिंग कौन्सिलची आचारसंहिता १९५३ पासून आहे, आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलची २००६ ची. त्यांचा सगळा रोख पेशंटकडे आहे, त्याची प्रतिष्ठा, त्याची संमती, त्याची गुप्तता, नर्सची स्वतःच्या कामाची जबाबदारी. २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा नवीन सेमिस्टरचा अभ्यासक्रम आला, आणि २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी कमिशनचा नवीन कायदा झाला, १९४७ च्या कायद्याच्या जागी.

यात गुप्तता ही आपल्या भागात सगळ्यात अवघड. मुंबईच्या वॉर्डात पेशंट बेड नंबरने ओळखला जातो, तालुक्याच्या हॉस्पिटलात तो मुलीच्या वाडीतलाच निघतो, किंवा तिच्या मामाच्या गावचा. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाला टीबी निघाला, कोण मुंबईहून कसला आजार घेऊन आला, हे दुपारी वॉर्डात कळलं तर संध्याकाळच्या एसटीत पोचायला वेळ लागत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, पेशंटच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. पण स्टँडवर शेजारची काकी खांद्यावर हात ठेवून, ‘कोण ॲडमिट आहे गो तुमच्याकडे?’ असं प्रेमाने विचारते तेव्हा अठरा वर्षाच्या पोरीला कायदा आठवत नाही. काकीला तोडून बोलणं तिला जमत नाही आणि जमू पण नये. म्हणून आम्ही वर्गात त्याची प्रॅक्टिस घेतो, एकीने काकी व्हायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. ‘काकी, वॉर्डातलं नाय सांगत मी कुणाचं, उद्या तुमचं पण नाय सांगणार.’ हे वाक्य एका मुलीनेच काढलं, आता सगळ्या तेच वापरतात. तसंच मोबाईलचं, युनिफॉर्मवर रील काढताना मागे बेडवरची बाई दिसते, तिला कोणी विचारलेलं नसतं. रील काढणं वाईट चालीचं म्हणून ओरडू नका, त्या बाईच्या जागी तुझी आई असती तर, एवढंच विचारा, मुलींना पटतं.

त्या फर्स्ट इयरच्या मुलीचे चार मार्क कशाचे होते ते मी नंतर शोधलं. वॉर्डात एका डॉक्टरने सांगितलेला डोस तिला जास्त वाटला, तिने विचारलं की सर एकदा बघता का. उलट बोलते, असा शेरा होता. डोस तपासल्यावर बदलला गेला होता, केसपेपरवर ते दिसत होतं.

आता तो रकाना मी माझ्यापुरता दोन भागात भरते. एकात हात धुणं, ओळख पटवून औषध देणं, पडदा ओढून मगच कपडे बाजूला करणं, चूक सांगणं, शंका विचारणं, गुपित राखणं, याचे दहाचे दहा मार्क. दुसऱ्यात केस, बोलण्याची पट्टी, कोणाबरोबर चहाला गेली, वगैरे जे काही वरून भरायला सांगतात ते, मार्क शून्य. त्या मुलीचा फॉर्म मी परत मागवलाय, शेरा खोडून खाली सही करून नवीन लिहिलंय, शंका वेळेवर विचारली.