परोपजीवी गांधीलमाश्या: नावाचा घोळ आणि बेळगावचा नकाशा

निपाणी-चिकोडीपासून अथणीपर्यंत ऊस करणाऱ्यांना ट्रायकोकार्ड, म्हणजे कीटकाची अंडी चिकटवलेलं कार्ड, नवं नाही. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. त्यावरची अंडी तांदळावरच्या पतंगाची. त्यांच्या आत वाढते ती ट्रायकोग्रामा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची परोपजीवी गांधीलमाशी. ती आत वाढू लागली की अंडं काळं पडतं, म्हणून चांगलं कार्ड काळपट दिसतं. बाहेर पडलेली मादी खोडकिडीची अंडी हुडकून त्यांत आपलं अंडं घालते आणि अळी जन्मायच्या आतच कीड संपते.

एवढ्या कामाच्या माशीचं नाव मात्र आपल्याकडे वर्षानुवर्षे चुकीचं लागलं होतं. ‘ऑस्ट्रॅलिकम’ जातीची म्हणूनच ती ओळखली जायची. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९६८ मध्ये वेगवेगळ्या जातींचा संकर लावून पाहिला आणि १९७१ मध्ये नराच्या जननांगांची रचना ही ओळखीची भरवशाची खूण असल्याचं मांडलं. आज ती ट्रायकोग्रामा किलोनिस आहे. हा काही निव्वळ अभ्यासकांचा वाद नव्हे. खोडकिडीसाठी किलोनिस सोडतात, शेंडे पोखरणाऱ्या किडीसाठी जापोनिकम. जात चुकली तर कार्डाचे पैसे पाण्यात.

कोणती जात कुठे सापडते, याची किंमत आपल्या भागाला २००२ मध्ये कळली. जुलैत सांगली जिल्ह्यात लोकरी मावा, ही उसाचा रस शोषणारी कीड, दिसला आणि बघता बघता कृष्णाकाठाने आपल्याकडे आला. पानं पांढरी, खाली चिकटा, त्यावर काळी बुरशी. उंच वाढलेल्या फडात फवारणी करायची तरी कशी? डिफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांनी बराच भार उचलला. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने मायक्रोमस वाढवून शेतांत सोडला. याच माव्यावर जगणारी एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम ही गांधीलमाशी आणावी लागली ती थेट आसामातून. ती तिथे आहे हे कुणीतरी आधी नोंदवून ठेवलं होतं, म्हणूनच ते जमलं.

आणि म्हणूनच गोळा केलेल्या माशीच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसतं ‘बेळगाव’ लिहिलेलं मला फार खटकतं. कणकुंबी-जांबोटीचं धो धो पावसाचं रान आणि अथणीचा दुष्काळी माळ, दोन्ही बेळगावच! गाव, तारीख, पीक आणि यजमान कीड, म्हणजे माशी जिच्यावर जगते ती, एवढं तरी हवंच. माश्या पकडायला ठेवलेल्या साबणाच्या पाण्याच्या पिवळ्या ताटात त्या भरपूर पडतात, पण त्या कुणावर जगतात ते कळत नाही. त्यासाठी किडीच्या अंड्यांचा पुंजका पानासकट आणून कापसाचा बोळा लावलेल्या काचनळीत ठेवतात आणि आतून काय निघतं याची वाट बघतात.