बोटे आधी, जमीन नंतर

माशांच्या परांपासून चतुष्पादांचे हातपाय कसे घडले, या प्रश्नाचे जुने उत्तर असे होते की, आटत चाललेल्या डबक्यांतले मासे दुसऱ्या पाण्याच्या शोधात जमिनीवरून सरपटू लागले आणि त्या ओघात त्यांच्या परांचे पाय झाले. हे चित्र सहज पटण्यासारखे आहे. पण गेल्या काही दशकांत हाती आलेले जीवाश्म त्याच्या विरोधात जातात.

त्यांतला सर्वांत बोलका पुरावा ॲकँथोस्टेगा या आदिम चतुष्पादाचा आहे. जीवाश्मशास्त्रज्ञ जेनी क्लॅक यांच्या तुकडीला १९८७ साली पूर्व ग्रीनलंडमध्ये या प्राण्याचे उत्तम जीवाश्म मिळाले, आणि सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या पुढच्या पायाला आठ बोटे असल्याचे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. पाच बोटे हाच मूळचा आराखडा, असे तोवर गृहीत धरले जात होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या पायाचे मनगट अंगाचा भार पेलण्याजोगे नव्हते, शेपटीला माशासारखा पर होता आणि घशात कल्ल्यांचा सांगाडाही होता. बोटे असूनही हा प्राणी पाण्यातच जगत होता. उथळ, वनस्पतींनी गच्च भरलेल्या पाण्यात तळाला रेटा देत पुढे सरकण्यासाठी असे पाय उपयोगी पडले असावेत. म्हणून पाय जमिनीसाठी घडले, असे म्हणणे मला उलटे वाटते. पाण्यात घडलेले पाय पुढे जमिनीवर कामी आले.

ॲकँथोस्टेगापेक्षा सुमारे एक कोटी वर्षांनी जुना असलेला टिक्टालिक हा मासा जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन, टेड डेशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००४ साली कॅनडाच्या एल्समेअर बेटावर सापडला. नेमक्या त्या काळातले, नदीच्या गाळाचे खडक तिथे उघडे पडलेले आहेत, म्हणूनच त्यांनी ती जागा निवडली होती. त्याच्या परात दंडाचे एक हाड, त्यापुढे दोन आणि नंतर मनगटासारखी लहान हाडे आहेत. टोकाला मात्र बोटांऐवजी माशाची परकिरणेच, म्हणजे पराला ताठ ठेवणाऱ्या बारीक काड्याच आहेत.

मग बोटे आली कुठून? परकिरणे त्वचेत तयार होतात, तर बोटांची हाडे आधी कूर्चेत, म्हणजे मऊ, लवचीक हाडात आकार घेतात. त्यामुळे या दोहोंचा संबंध नसावा, असा समज बराच काळ रूढ होता. पण जनुकांवरचे प्रयोग वेगळे सांगतात. उंदरात हॉक्स-१३ या, अवयवांची घडण ठरवणाऱ्या गटातील दोन जनुके निकामी केली, तर पंजा तयारच होत नाही. शुबिन यांच्या शिकागो येथील प्रयोगशाळेने २०१६ साली याच गटातील जनुके झेब्रा माशात निकामी केली, तेव्हा त्याची परकिरणे खुरटली आणि पराच्या आतली लहान हाडे संख्येने वाढली. म्हणजे परकिरणे आणि बोटे या दोहोंच्या घडणीत एकाच गटातील जनुकांचा हात आहे.