हाताने बायटकोड लिहिणाऱ्यांचं ४९ वर एवढं प्रेम काहून?

परवा नागपूरला बर्डीवर चहा पिताना पुन्हा तोच वाद, पायथनने जावाची क्लास फाइल (बायटकोडची, म्हणजे जेव्हीएम हे जावाचं आभासी यंत्र चालवतं त्या सूचनांची फाइल) लिहायची तर तिच्यात फॉरमॅटचं व्हर्जन ४९, म्हणजे जावा ५ चं, टाकायचं का आत्ताचं. नव्या पोरांना ४९ म्हणजे जुगाड वाटतो, म्हणून थोडं मागचं.

क्लास फाइलचे पहिले चार बाइट १९९६ पासून तेच, सीए एफई बीए बीई. सगळं बिग-एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी, त्यामुळे पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलने पॅक करताना '>' विसरलात की लॅपटॉपवर ते उलटे पडतात नि जेव्हीएम दारातूनच हाकलतं. कॉन्स्टंट पूलमध्ये, म्हणजे फाइलमधल्या स्थिरांकांच्या यादीत, लाँग-डबल हे आठ बाइटी आकडे दोन-दोन जागा खातात, हे चुकलंच असं स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय. निदान कबूल तरी केलं बापा.

खरा घोळ २००६ चा, जावा ६ चा. तोवर व्हेरिफायर (जेव्हीएममधला बायटकोड तपासणारा भाग) स्वतःच मेथडभर फिरून कुठे स्टॅकवर इंट आहे, कुठे ऑब्जेक्ट, ते शोधायचा, आपण ऑपकोड, म्हणजे एकेक सूचना, लिहून मोकळे. मग ठरलं की क्लास लोड होताना हे महाग पडतं, तर कंपायलरनेच स्टॅकमॅपटेबल, म्हणजे कुठे कोणता प्रकार आहे त्याचा तक्ता, लिहून द्यावं. कंपायलरला सोपंच ते, हाताने लिहिणाऱ्याचं काय? जंप जिथे पोचते तिथे एक फ्रेम, त्यात लोकल्स (मेथडचे व्हेरिएबल) नि स्टॅक यांचे प्रकार, वर ऑफसेट डेल्टा (फ्रेमची जागा सांगणारं अंतर), आणि तोही पहिल्या फ्रेमला जसाच्या तसा पण पुढच्यांना मागचा अधिक डेल्टा अधिक एक! मध्ये एखादा ऑपकोड घुसवला की बसा पुन्हा मोजत. जंप आणि ट्राय-कॅच नसेल तर टेबल लागत नाही, पण इफशिवाय कोड लिहून करता काय?

त्यात जावा ६ च्या व्हर्जन ५० ला सवलत होती, नवी तपासणी फेल गेली तर जुनी चालवायची, म्हणून टेबल ऐच्छिक आहे असाच बऱ्याच जणांचा समज झाला. २०११ मध्ये जावा ७ चं ५१ आलं आणि सवलत बंद. ४९ पर्यंतच्या फायली मात्र अजूनही जुन्याच व्हेरिफायरकडे जातात, म्हणजे टेबल लिहायची कटकटच नाही. इनव्होकडायनॅमिक (कोणती मेथड बोलवायची ते चालताना ठरवणारी सूचना) ४९ मध्ये मिळत नाही, ते हवं असेल तर टेबल लिहाच.

२०२५ च्या जावा २४ मध्ये क्लास-फाइल एपीआय (क्लास फायली वाचायची-लिहायची जावाची लायब्ररी) पक्का झाला, तो फ्रेम्स स्वतः मोजून देतो. पण तो जावातून वापरायचा, आणि आमची स्क्रिप्ट पायथनची. तिच्यात ४९ च आहे.