मायकेल मॅडिगन : इलिनॉयमधल्या ५० वर्षांच्या सत्तेची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळात प्रतिनिधीगृहाचा, म्हणजे खालच्या सभागृहाचा अध्यक्ष ‘स्पीकर’ हा आपल्या विधानसभाध्यक्षासारखा पक्षापासून अंतर राखणारा पीठासीन अधिकारी नसतो. तो बहुमतातल्या पक्षाचा उघड नेता असतो. हे ध्यानात न घेता इलिनॉय राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे माजी अध्यक्ष मायकेल मॅडिगन यांची कारकीर्द वाचली, तर निम्मा अर्थ हातातून निसटतो.

शिकागोच्या नैर्ऋत्य भागातला १३ वा वॉर्ड हे त्यांचे ठाणे. १९६९ मध्ये ते तिथले डेमोक्रॅटिक पक्षप्रमुख झाले. महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या यंत्रणेत ते घडले. वॉर्डप्रमुखाने सरकारी नोकऱ्या मिळवून द्यायच्या आणि नोकरी लागलेल्यांनी निवडणुकीत दारोदार फिरायचे, असा तिथला व्यवहार. त्याच सुमारास राज्याची नवी घटना लिहिणाऱ्या सभेतही ते होते. १९७० मध्ये ते प्रतिनिधीगृहावर निवडून आले.

त्या घटनेत एक अजब तरतूद होती. मतदारसंघांच्या फेररचनेवर विधिमंडळाचे एकमत झाले नाही, तर दोन्ही पक्षांचे चार-चार सदस्य असलेला आयोग नेमायचा; तिथेही कोंडी झाली, तर नववा सदस्य चिठ्ठी टाकून ठरवायचा. चिठ्ठीच्या धाकाने दोन्ही बाजू तडजोड करतील अशी अपेक्षा होती. पण जुगार खेळायला दोघेही तयार असतात, हे काही कुणी गृहीत धरले नव्हते. १९८१ मध्ये चिठ्ठी डेमोक्रॅट्सना लागली आणि नकाशा मॅडिगन यांच्या गटाने आखला. १९९१ मध्ये रिपब्लिकनांना लागली. १९९४ च्या निवडणुकीत मॅडिगन यांचे बहुमत गेले. २००१ मध्ये ती पुन्हा डेमोक्रॅट्सकडे आली. मॅडिगन यांचे प्रतिनिधीगृहाचे अध्यक्षपद १९८३ ते १९९५ आणि १९९७ ते २०२१, म्हणजे मध्ये फक्त दोन वर्षांचा खंड.

१९८० च्या घटनादुरुस्तीचाही त्यांना फायदाच झाला. आधी ५९ मतदारसंघांतून प्रत्येकी तीन असे १७७ सदस्य येत, आणि मतदार आपली तिन्ही मते एकालाच देऊ शके. त्यामुळे शिकागोतूनही रिपब्लिकन निवडून येत. दुरुस्तीनंतर ११८ एकसदस्यीय मतदारसंघ उरले. नकाशा आखणाऱ्याचे आणि प्रचाराचा पैसा वाटणाऱ्याचे वजन आपसूक वाढले. १९९८ पासून राज्य पक्षाचे अध्यक्षपदही मॅडिगन यांच्याकडेच होते.

सभागृहात खरे हत्यार होते नियम समिती. तिच्यात बहुमताच्या बाजूचे सदस्य अध्यक्षच नेमतो. विधेयक तिथून सुटले नाही, तर ते विषय समितीपर्यंत पोचतच नाही. कुणाला विरोधात मत द्यावे लागत नाही, नोंदही उरत नाही.

घसरण झाली ती जुन्या नोकरीवाटपाच्या सवयीतूनच. फरक एवढाच, की आता नोकऱ्या सरकारी नव्हत्या. वीज कंपनी कॉमएडने मॅडिगन यांची मर्जी राखण्यासाठी त्यांच्या माणसांना नाममात्र कामाची कंत्राटे दिली आणि जुलै २०२० मध्ये २० कोटी डॉलर दंड भरायचे मान्य केले. जानेवारी २०२१ मध्ये अध्यक्षपदासाठी लागणारी ६० मते जमली नाहीत. इमॅन्युएल ‘क्रिस’ वेल्च निवडून आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये २३ पैकी १० आरोपांत मॅडिगन दोषी ठरले आणि जूनमध्ये त्यांना साडेसात वर्षांची कैद व २५ लाख डॉलर दंड झाला.

वेल्च यांच्या काळात अध्यक्षपदावर १० वर्षांची मर्यादा आली. नियम समिती मात्र कायम आहे.