उपाशी पडद्याची हाक

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला पडदा, म्हणजे रेटिना, ऑक्सिजनचा मोठा भुकेला. मधुमेहात त्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात आणि तो उपाशी राहतो. मग तिथे नव्या वाहिन्या फुटतात, पण अगदी कच्च्या. त्या पाझरतात, फाटतात, डोळ्यात रक्त उतरतं आणि नजर जाते. उपाशी पडदाच काहीतरी पदार्थ सोडून या वाहिन्यांना बोलावून घेत असावा, असा अंदाज आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडला होता. पदार्थ मात्र सापडत नव्हता.

सापडला तो डोळ्यात नाही, गायीच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीत. सिसिलीतल्या कातानियाहून कॅलिफोर्नियात आलेले डॉक्टर नेपोलिओने फेरारा या ग्रंथीतल्या अशा पेशींवर काम करत होते, ज्या कोणतंही ओळखीचं संप्रेरक बनवत नाहीत. या पेशी ज्या द्रवात वाढवल्या, तो द्रव रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना दिला की त्या भराभर वाढू लागत. १९८८ मध्ये ते जेनेनटेक कंपनीत गेले ते दुसऱ्याच कामासाठी, पण हा धागा त्यांनी सोडला नाही. १९८९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्या द्रवातलं प्रथिन वेगळं काढून त्याचं जनुकही शोधलं. तेच व्हीईजीएफ.

हे प्रथिन काम कसं करतं, ते बघण्यासारखं आहे. अस्तराच्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याला पकडणारे रिसेप्टर असतात. प्रथिनाचा एक रेणू असे दोन रिसेप्टर जवळ ओढतो. जोडी जमली की पेशीच्या आतल्या बाजूला ते एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि तिथून एकामागून एक प्रथिनं जागी होत जातात. निरोप पोचला की पेशी विभागते, सरकते, शेजारणीला धरलेला हात सैल करते. हात सैल होणं म्हणजेच वाहिनी पाझरणं. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८३ मध्येच वाहिन्यांना पाझर फोडणारं एक प्रथिन वर्णिलं होतं. ते आणि फेरारांचं प्रथिन एकच निघालं. वाहिन्या फुटणं आणि त्या गळणं या दोन तक्रारींचं मूळ एका रेणूत सापडावं, हा मला या संशोधनातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आणि भुकेचं काय? पेशीत एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होतं आणि ऑक्सिजन असेपर्यंत सतत मोडलं जातं. ऑक्सिजन घटला की ते टिकतं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. पेशींना ऑक्सिजनची ही चाहूल कशी लागते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं.

१९९४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातला द्रव तपासला, तेव्हा नव्या वाहिन्या फोफावलेल्या डोळ्यांत व्हीईजीएफ भरपूर आढळलं. वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधोमध असलेल्या भागाच्या, ‘ओल्या’ आजारातही, ज्यात खिडकीचे सरळ गज वाकडे दिसू लागतात, या रेणूचा हात असतो. त्याला पकडून ठेवणाऱ्या प्रतिपिंडाचा छोटा तुकडा, रॅनिबिझुमॅब, २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. ७१६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभर दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर टिकली. औषध न मिळालेल्यांत ६२ टक्के. पूर्ण मात्रा मिळालेल्या गटात शंभरातले ३४ जण तर तक्त्यावरच्या तीन किंवा जास्त ओळी अधिक वाचू लागले. याआधीचे उपचार फार तर ऱ्हास मंदावत. गेलेली नजर इतक्यांना परत मिळणं नवं होतं.

औषध महाग होतं. फेरारांच्याच कामातून कर्करोगासाठी आलेलं, याच रेणूला पकडणारं बेव्हॅसिझुमॅब खूप स्वस्तात डोळ्यात देता येईल, हे मायामीच्या फिलिप रोझनफेल्ड यांनी २००५ मध्ये दाखवलं, आणि २०११ च्या अमेरिकी सरकारी चाचणीत दोन्ही औषधांनी नजरेत जवळपास सारखाच फरक पडला. आपल्याकडच्या कितीतरी रुग्णांना हा उपचार परवडतो तो या स्वस्त पर्यायामुळे.

इंजेक्शन मात्र पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. औषध हाक गिळतं, भूक भागवत नाही. मधुमेहात बंद पडलेल्या वाहिन्या बंदच राहतात, आणि काही आठवड्यांनी औषध ओसरलं की उपाशी पडदा पुन्हा हाक मारू लागतो.