समुद्रपातळी मोजणाऱ्या उपग्रहांचे सातत्य

चालू उपग्रह निकामी होण्याआधीच त्याचा वारस त्याच कक्षेत नेऊन समुद्रपातळीची नोंद अखंड ठेवण्याची आखणी. टोपेक्स/पोसायडन (१९९२), जेसन-१ (२००१), जेसन-२ (२००८), जेसन-३ (२०१६), सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिक (२०२०) आणि सेंटिनेल-६बी (२०२५) ही अशी मुख्य साखळी आहे.

उपग्रहावरचा रडार अल्टिमीटर (उंचीमापक) खाली रेडिओ लहरींचा स्पंद सोडतो. तो परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते; कक्षेच्या उंचीतून ते वजा केले की पाण्याची उंची मिळते. १ सेंटिमीटरचा फरक म्हणजे जाऊन-येऊन अवघे ६७ पिकोसेकंद. कोरड्या हवेमुळे अंतर सुमारे २.३ मीटर जास्त भासते, पण ते हवेच्या दाबावरून नीट काढता येते. बाष्प मात्र सतत बदलते, म्हणून ते मोजायला सोबत मायक्रोवेव्ह रेडिओमीटर लागतो. आयनांबराचा (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थराचा) परिणाम काढण्यासाठी दोन वारंवारता वापरतात.

कक्षा मात्र बदलत नाहीत : उंची १,३३६ किमी, विषुववृत्ताशी कल ६६ अंश, सुमारे ९.९ दिवसांत १२७ फेऱ्या आणि पुन्हा तीच वाट. सूर्यसमकालिक कक्षा स्वस्त आणि सोयीची असली, तरी तीत उपग्रह प्रत्येक ठिकाणी ठरावीक स्थानिक वेळांनाच येतो. त्यामुळे सूर्यामुळे येणारी बारा तासांची भरती दर वेळी एकाच अवस्थेत दिसते आणि कायमच्या उंचीत मिसळून जाते.

खरी कसोटी जोडणीत असते. दोन उपकरणांच्या मापात सेंटिमीटरांचा स्थिर फरक निघू शकतो, आणि समुद्र वर्षाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर चढतो. म्हणजे १ सेंटिमीटरची चूक तीन वर्षांची वाढ गिळते. म्हणून नवा उपग्रह जुन्याच्या मागे किंवा पुढे काही सेकंदांवर ठेवून तेच पाणी दोघांकडून मोजून घेतात. जेसन-१ टोपेक्सच्या सुमारे ७० सेकंद मागेपुढे होता; सेंटिनेल-६ जेसन-३ पासून ३० सेकंदांवर. या सोबतीचे मोल २०२१ मध्ये कळले : सेंटिनेल-६ च्या अल्टिमीटरची राखीव बाजू (इलेक्ट्रॉनिक्सचा दुसरा संच) चालू करावी लागली, आणि जेसन-३ शेजारीच असल्याने तिचेही माप लगेच पडताळता आले. टोपेक्सला १९९९ मध्ये असाच बदल करावा लागला, तेव्हा शेजारी वारस नव्हता; त्याच्या पहिल्या सहा वर्षांच्या आकड्यांवर दुरुस्तीचा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

एन्व्हिसॅट या वेगळ्या कक्षेतल्या युरोपीय उपग्रहाच्या वाटेवर तर खंडच पडला. त्याचा संपर्क एप्रिल २०१२ मध्ये तुटला आणि इस्रो व फ्रान्सच्या सीएनईएस या अवकाश संस्थेचा सरल हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून २५ फेब्रुवारी २०१३ ला सुटला. दोघांची मापे मग जेसनच्या वाटांशी होणाऱ्या छेदनबिंदूंवरून जुळवावी लागली. सरलच्या का-पट्ट्यावर (Ka, अधिक उच्च वारंवारतेचा रेडिओ पट्टा) आयनांबराचा परिणाम नगण्य, पण जोरदार पावसात त्याचा परतणारा स्पंद क्षीण होतो.

जोडणी झाली की जुना उपग्रह आधी दोन वाटांच्या मधल्या वाटेवर सरकवतात. जेसन-१ ला नंतर, इंधन उरले असतानाच, थोड्या खालच्या कक्षेत उतरवले. टोपेक्स मात्र बंद पडला तो १,३३६ किलोमीटरच्या आसपासच राहिला, त्यामुळे या कक्षेतल्या वारसांना त्याच्याशी टक्कर होणार नाही ना, यावर नजर ठेवावी लागते.