१८६ विरुद्ध १: शरद जोशींची राज्यसभेतली एकुलती एक टर्म

शेतकरी संघटनेचे शरद जोशी म्हटलं की कांदा, ऊस, रास्ता रोको आणि चाकणजवळची त्यांची आंबेठाणची शेती. ते सगळं परत सांगत बसत नाही. त्यांच्या खासदारकीवर मात्र फारसं कोणी बोलत नाही. टर्म एकच, राज्यसभेची, जुलै २००४ ते जुलै २०१०.

मतं मागायला आलो तर जोड्याने मारा असं आधी सांगणाऱ्या माणसाने १९९४ ला स्वतःच स्वतंत्र भारत पक्ष काढला, आणि तिथून मतांचा हिशोब कायम उणेच राहिला. सभांना माणूस मावायचा नाही, पण ती गर्दी मतपेटीत कधी उतरली नाही, स्वतः ते थेट निवडणुकीतून कधीच निवडून आले नाहीत. २००४ च्या विधानसभेत पक्षाचा एकच आमदार, राजुऱ्याचा. राज्यसभा मिळाली ती भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर, आणि संघटनेतल्या काही जुन्या लोकांना ते तेव्हाही पचलं नव्हतं. दिल्ली काही नवी नव्हती म्हणा, व्ही. पी. सिंग आणि वाजपेयी दोघांच्याही काळात शेतीच्या सरकारी समित्यांवर ते होतेच.

आता मूळ मुद्दा. ९ मार्च २०१०, महिला आरक्षण विधेयक. आदल्या दिवशी इतका गोंधळ झाला की सात खासदार निलंबित झाले, मग त्यांना मार्शलकरवी बाहेर काढलं, एका पक्षाने सभात्याग केला, आणि मतदान झालं तेव्हा बाजूने १८६, विरोधात १. तो एक म्हणजे शरद जोशी. दुसऱ्या दिवसापासून 'महिलाविरोधी' हा शिक्का बसला तो बसलाच.

हे वाचून कोणाला वाटेल की जुन्या वळणाचा पुरुष असणार. तर १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन याच माणसाने घेतलं, पुढे गावच्या निवडणुकीत सगळ्या बायकांचं पॅनल उभं करायला लावलं, आणि लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांना सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायला लावलं. जळगावच्या विटनेरमध्ये तर दोन्ही झालं, पूर्ण महिला ग्रामपंचायत पण आणि जमिनी पण. तेही आरक्षणाचा कायदा यायच्या आधी.

त्यांचा विरोध होता रोटेशनला. त्या विधेयकात लोकसभा आणि विधानसभांच्या एक तृतीयांश जागा बायकांना राखीव, पण त्या जागा दर निवडणुकीला फिरणार होत्या. म्हणजे आज निवडून आलेल्या बाईची जागा पुढच्या वेळी खुली होणार, शेजारच्या मतदारसंघातल्या पुरुषाची राखीव होणार, आणि पुन्हा तिथूनच उभं राहायचंय हे कोणालाच धड माहीत नसेल तर पाच वर्षं मतदारसंघ बांधायचा कशाला? जिल्हा परिषदेची सोडत ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं समजावायला नको. शाळेतलं पोर भांड्यातून चिठ्ठी काढतं, गट राखीव निघतो, आणि सभागृहातून बाहेर पडायच्या आत विद्यमान सदस्य बायकोचं नाव पुढे करून मोकळा होतो. विरोधकांचं म्हणणं, दोष होता तर दुरुस्ती मागायची, ऐतिहासिक दिवशी लाल बटण कशाला दाबायचं. यात तथ्य आहे, पण माझ्या मते बाहेर निघून जाणाऱ्यांपेक्षा आत बसून नोंद करणारा कधीही बरा, शिवाय त्या एका मताने विधेयक अडणारही नव्हतं.

पुढे ते विधेयक लोकसभेत कधी मंजूरच झालं नाही, २०१४ ला लोकसभेबरोबर संपलं. जोशींची टर्म जुलै २०१० मध्येच संपली होती, दुसरी मिळाली नाही, डिसेंबर २०१५ मध्ये ते गेले. मग २०२३ ला नवा कायदा आला, लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. आणि त्यात रोटेशन दर निवडणुकीला नाही, दर मतदारसंघ पुनर्रचनेनंतर ठेवलंय. चर्चेत त्यांचं नाव कोणी घेतलं असो वा नसो, खटकलेलं कलम हेच होतं.